उत्तरेचा बाण

चौघांनी खुर्ची उचलून आणली आणि चुन्याच्या रेघांच्या आत ठेवली. चंद्रकलेने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "अथी नाई. माह्या खोलीत ठेवा."

"बाई, अजून एक वीट लागली नाई, अन् तुही खोली कोठची?" तिचा भाऊ देवराव म्हणाला. तो घामाघूम झाला होता. खुर्चीची एक बाजू त्याच्याकडे होती.

"ते पाय, मागची. ते मोठी चौकट हाये ना, ते."

"उंबरठ्यातून नेऊ का भिंतीतून?"

"उंबरठ्यातून ने. भिंतीतून भुतं जातेत."

सगळे हसले. मग त्या चौघांनी खरोखरच खुर्ची पुन्हा उचलली, चुन्यात जिथे दार सोडलं होतं तिथून वळवून आत नेली आणि मागच्या खोलीत ठेवली. तोंड मैदानाकडे. मैदानापलीकडे शंभर-सव्वाशे पावलांवर माझं दुकान होतं. पत्र्याची शेड, वर पाटी, 'खोडके कूलर'. चंद्रकला बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

"दिसते का?" मी विचारलं.

"तुमचा स्टूलबी दिसते," ती म्हणाली.

श्रावणातली सकाळ होती. आभाळ इतकं भरलेलं की सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. पायाची पूजा तासाभरापूर्वी आटोपली होती. कोपऱ्यातल्या खड्ड्याशी कुंकू, झेंडूची फुलं आणि फोडलेला नारळ पडला होता. भटजी गेले होते. आम्हीही निघणार होतो, पण चंद्रकलेला निघायचं नव्हतं.

याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी तिला लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर राहत होतो आणि जिना सतरा पायऱ्यांचा, अरुंद. त्या दीड वर्षात ती तीनदा खाली उतरली, तिन्ही वेळा दवाखान्यात जायला. ही चौथी वेळ. मुलगी लग्न होऊन सुरतेला. घरात आम्ही दोघंच. मी दर तासाला दुकान सोडून घरी पळायचो, पाणी दिलं का, पडली तर नाही ना ते पाहायला. पत्रा कापताना लक्ष नसायचं. दोनदा हात कापून घेतला. शेवटी प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं. सगळं तळमजल्यावर, आणि तिच्या खाटेसमोर मोठी खिडकी.

बोचरे इंजिनियर मोटारसायकल रस्त्यातच टाकून पळत आला. तरुण माणूस, आमच्याच गावचा. घराचा नकाशा त्यानेच काढलेला.

"काका, मॅडम येऊन राहिल्या. परवानगीवाल्या."

"आज? आज काहून?"

"जागा पाहाची म्हणते." तो माझ्या कानाशी आला. "दिशेचं कायतरी जुळत नाई म्हणाल्या."



हे कशाबद्दल होतं ते आता सांगतो. आमच्या गावात त्या वर्षी घराच्या परवानगीला नवा नियम लागला होता, ऊर्जेचा. घर उन्हात किती तापेल याचा हिशेब नकाशाबरोबर द्यायचा. भिंत कशाची, छप्पर कसं, खिडकी केवढी आणि कोणत्या दिशेला, सगळं धरून एक आकडा निघायचा आणि तो मर्यादेत बसावा लागायचा. आमचा बसेना. बोचरेने भिंतींना हलक्या विटा धरल्या, छपरावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक धरला. तरी बसेना. अडलं होतं ते चंद्रकलेच्या खिडकीपाशी. ती पश्चिमेला होती. आमच्या वऱ्हाडात पश्चिमेचं ऊन म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको.

महिन्यापूर्वी तो आमच्या घरी येऊन बसला होता. चंद्रकला खाटेवरून ऐकत होती.

"काका, तीन उपाय हाये," तो म्हणाला. "खिडकी अर्धी करा. नाहीतर तिच्यावर तीन फुटाचा छज्जा काढा, पण मागं तेवढी जागा सुटत नाई, म्हणजे घर पुढं सरकवा लागते, नकाशा पुन्हा नव्यानं. नाहीतर खोलीच बदला."

"खिडकी लहान करा," चंद्रकला म्हणाली.

"लहान केली तर खाटेवरून आभाळ दिसेल नुसतं," मी म्हणालो.

"मंग आभाळ पाहीन."

"नवा नकाशा म्हणजे किती दिवस?"

"दिवाळी तरी," बोचरे म्हणाला. "त्याईच्याकडं रांग लागली हाये."

दिवाळीनंतर काम धरलं असतं तर तिचा पुढचा उन्हाळाही त्या सतरा पायऱ्यांवरच गेला असता. मला राग आला. मी म्हणालो, "चाळीस वर्षं झाली, मी या गावाले थंड करून राहिलो. कलेक्टरच्या बंगल्यात माहा कूलर हाये. माह्या घरात किती ऊन येते ते मले कागद सांगते का? माह्या बायकोच्या खोलीत मी असा कूलर बसवीन की मे महिन्यात गोधडी घ्या लागेल."

बोचरेने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मंग आणखी एक उपाय हाये."

नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा एक बाण असतो. तो फक्त फिरवायचा. बाण फिरला की पश्चिमेची भिंत कागदावर उत्तरेची होते. उत्तरेच्या खिडकीला नियम सैल. आकडा बसतो. घर आहे तिथेच, खिडकी आहे तेवढीच. प्लॉटांच्या मूळ लेआऊटच्या नकाशाची झेरॉक्स इतकी पुसट होती की तिच्यावरचा बाण कोणाला दिसणार नाही, असं तो म्हणाला.

मी हो म्हणालो. विचार करायला एक कप चहाएवढाही वेळ घेतला नाही.

"छज्ज्याचं काय मोठं," मी चंद्रकलेला म्हणालो. "घर झालं की पत्र्याचा मीच लावतो. एका दिवसाचं काम."

ती म्हणाली, "कागदावर फिरवलं म्हणून सूर्य फिरते का?" त्यावर पुन्हा बोलली नाही.

तर त्या सकाळी नगरपरिषदेच्या पेडणेकर मॅडम आल्या. वय तीसच्या आत, पायात पावसाळी बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. रत्नागिरीकडच्या. आमच्याकडे येऊन त्यांना महिनाच झाला होता. आल्या आल्या त्यांनी चंद्रकलेकडे पाहिलं. मोकळ्या माळावर चुन्याच्या चौकटीत नवी हिरवी साडी नेसून खुर्चीवर बसलेली बाई पाहून त्या थांबल्याच.

"या ना," चंद्रकला म्हणाली. "बसाले काई नाई, पण माही खोली पाहून घ्या."

मॅडम हसल्या. "छान हवेशीर आहे."

त्यांनी मोबाइलमध्ये दिशा पाहिली. शेजारी सळयांचा ढीग रचलेला होता. लोखंडामुळे सुई एकदा इकडे, एकदा तिकडे. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. तिथेही काही नाही. मग नकाशा उघडून हातात धरला आणि जमिनीवरच्या रेघांशी जुळवत उभ्या राहिल्या. त्यांची नजर कोपऱ्यातल्या कुंकवावर गेली. नकाशावर गेली. पुन्हा कुंकवावर.

"पूजा आज झाली?"

"हो, सकाळीच," बोचरे म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. माझ्याही त्याच क्षणी आलं.

पायाची पूजा ईशान्येच्या कोपऱ्यात करतात. भटजींनी ती खऱ्या ईशान्येला केली होती. ते कशाला कागद पाहतील? पण बाण फिरवल्यावर कागदावर तो कोपरा ईशान्य उरला नव्हता. आम्ही सरकारसाठी दिशा बदलली होती, देवासाठी बदलायची राहून गेली होती.

"नकाशाप्रमाणे हा कोपरा आग्नेय येतो," मॅडम म्हणाल्या. "पायाची पूजा तुम्ही आग्नेयेला केलीत?"

बोचरे नकाशाकडे बघत राहिला. देवराव माझ्याकडे बघायला लागला. 

"आमच्यात आग्नेयलेच करतेत, बाई," चंद्रकला म्हणाली.

मॅडमनी वळून पाहिलं.

"माह्या सासऱ्यापासून तेच हाये. बाकीचे ईशान्येले करतेत. आमच्यात नाई."

माझी बायको रोज आंघोळीआधी पाणीसुद्धा घ्यायची नाही. लकवा झाल्यावर डाव्या हाताने दिवा लावायला शिकली. देवाच्या नावावर ती कधी खोटं बोलली असेल असं मला वाटत नाही. ती बोलत असताना मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, मैदानाकडे पाहत राहिलो.

मॅडमनी नकाशावरचा बाण पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, "ठीक. पुढची हद्द मोजून घेऊ. बोचरे, तुम्ही टेप धरा. काका, तुम्ही दुसरं टोक धरा."

आम्ही रस्त्याच्या बाजूला गेलो. देवरावही आला. टेप ताणताना मी मागे पाहिलं. मॅडम आमच्याबरोबर आल्या नव्हत्या. त्या खुर्चीजवळ उकिडव्या बसल्या होत्या आणि चंद्रकला डावा हात हलवून त्यांना काहीतरी सांगत होती. एकदा तिने माझ्या दुकानाकडे बोट केलं. आम्ही माप घेऊन परत येईपर्यंत मॅडम उठून उभ्या होत्या. माप लिहून घेतलं, नकाशा गुंडाळला आणि म्हणाल्या, "आठवड्यात परवानगी मिळेल."

जाताना त्या चंद्रकलेच्या पाया पडल्या. मला ते नवल वाटलं, पण पायाभरणीचा दिवस, म्हातारी बाई, केला असेल नमस्कार.

"काय बोलत होत्या तुमी?" मी तिला विचारलं.

"आंब्याचं. त्याईच्याकडं कसे असतेत ते."

"श्रावणात आंबे?"

"बोलाले ऋतू लागते का?" ती म्हणाली. "चला, मले न्या आता. पाठ दुखते."

परवानगी आली. मी दुकान आवरून दिवसभर साइटवर उभा राहायचो. आम्ही मार्चच्या शेवटी राहायला गेलो. चंद्रकलेची खाट खिडकीसमोर लावली. खिडकीला जाड पडदा लावला आणि त्याची दोरी तिच्या डाव्या हाताशी येईल अशी बांधली. कूलर मी स्वतः बनवला, तीन फुटी, नवं गवत, दोन पंप. तो चालू केला की खोलीत खरंच गारवा यायचा.

एप्रिल चांगला गेला. इतका चांगला की आजही तो महिना आठवला की मला काही सुचत नाही. मी दुकानात स्टुलावर बसून कूलरच्या गवताच्या ताट्या बांधायचो आणि मान वर केली की खिडकीत ती दिसायची. ती डावा हात वर करायची. मी पक्कड वर करायचो. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, "खोडकेभाऊ, या वयात बरं चाललं तुमचं." मी म्हणायचो, "तुह्या बायकोले खिडकीत बसव, मग पाय." घरी पळणं बंद झालं. हात कापणं बंद झालं.

मे लागला आणि ऊन वाढलं. तीन वाजले की खिडकीतून ऊन आत यायचं आणि सहापर्यंत थेट खाटेवर. मी विचारायचो, "तरास होते का?" ती म्हणायची, "कूलर हाये ना." छज्ज्यासाठी मी पत्रा कापून ठेवला होता. दुकानात भिंतीला लावून उभा होता. दोन अँगल ठोकायचे, चार बोल्ट. पण मे म्हणजे आमचा हंगाम. दिवसाला पंधरा पंधरा लोक बोलवायला यायचे. कोणाचा पंप जळाला, कोणाचं गवत बदलायचं, कोणाच्या घरी म्हातारी माणसं आहेत, लवकर या. मी आज नाही उद्या करत राहिलो.

अठरा मेला दुपारी मी बसस्टँडमागच्या एका घरी कूलर बसवायला गेलो होतो. अर्ध्या तासाचं काम म्हणून गेलो, तिथे खिडकीचं माप चुकलं आणि तीन तास लागले. तीनच्या सुमाराला आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. मला ते माहीत नव्हतं. मी होतो तिथे लाइट होती.

सव्वासहाला घरी आलो. कूलर बंद. खोलीत शिरताच तोंडावर भट्टीसारखी हवा आली. चंद्रकला खाटेवर बसलेली होती, उशीला टेकून, तोंड खिडकीकडे. अंग पोळत होतं आणि घाम नव्हता. मी हाक मारली तर तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. पाण्याचा तांब्या रिकामा होता. आणि पडदा उघडा होता. दोरी तिच्या हाताशी होती. नुसती ओढायची होती. एका हातानेही ओढता यायची, रोज संध्याकाळी ती ओढायचीच.

दोन दिवस ती दवाखान्यात होती. वीस तारखेला पहाटे गेली. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. भेटायला आलेले लोक ओसरीवर हळू बोलत, मला ऐकू येतच होतं. कूलरवाल्याच्या घरात बाई उन्हाने गेली.

मी पुढे दुकान उघडलं, पण स्टूल फिरवून घेतला, खिडकीकडे पाठ होईल असा. पत्रा तसाच उभा होता. एक गोष्ट मात्र मला सुटत नव्हती. तिने पडदा का ओढला नाही? शुद्ध गेली असेल म्हणावं तर ती ताठ बसलेली होती. तीन वाजता लाइट गेली तेव्हा तर ती नक्की शुद्धीत असणार.

दोन वर्षं गेली. मग एक दिवस मी नगरपरिषदेत गेलो. पेडणेकर मॅडम तिथेच होत्या, चष्मा लागला होता. त्यांनी मला ओळखलं. खुर्ची दिली.

"खिडकी बुजवाची हाये, मॅडम. परवानगी पायजे."

"खिडकी बुजवायला परवानगी लागत नाही, काका."

"लागते. कागदावर ते खिडकी उत्तरेले हाये. खरी पश्चिमेले हाये. आमी बाण फिरवला होता." इतकं बोललो आणि पुढचंही बोलून टाकलं. चंद्रकला कशी गेली ते सांगितलं. "तुमी विचारलं तवा ते माह्यासाठी देवाच्या नावावर खोटं बोलली. तुमी नियमानं नकाशा परत केला असता तर बरं झालं असतं. तुमाले दोष नाई देत. तुमाले काय माहीत."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "काकूंनी सांगितलं होतं."

मला कळेना.

"तुम्ही टेप धरायला गेलात तेव्हा. मी जवळ गेले, तर त्या आपणहून म्हणाल्या, बाई, मी खोटं बोलली, ही बाजू पश्चिम हाये. पण नकाशा परत करू नका. मी म्हटलं, काकू, इथे उन्हाळ्यात तुम्हाला बसवणार नाही. एवढी मोठी खिडकी कशाला हवी? एवढं काय बाहेर बघायचंय? त्या म्हणाल्या, मले नाई पाहाचं काई. त्याईले पाहाचं असते. मी दिसली नाई की त्याईचा जीव थाऱ्यावर राहत नाई, हात कापून घेतेत. मी खिडकीत बसून दिसली म्हणजे ते दुकानात बसतीन. मग मी सही केली. छज्जा नंतर करतील असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दर मे महिन्यात मला ते घर आठवतं."

त्यांनी पाणी मागवलं. मी ते प्यायलो की नाही आठवत नाही.

परत येताना मैदानातून आलो. एका बाजूला घर, एका बाजूला दुकान. मी मध्ये उभा राहिलो आणि दोन्हीकडे पाहिलं. पडदा ओढला असता तर ती दुकानातून दिसली नसती. मी काम टाकून पळत आलो असतो. म्हणून तिने ओढला नव्हता.

त्या दिवशी निघताना मी तिला सांगून गेलो नव्हतो. लगेच येतो म्हणून शटरही उघडंच ठेवलं होतं. खाटेवरून दुकान उघडं दिसत होतं, मी आत शेडमध्ये असेन असं तिला वाटलं असणार, आणि ती तीन तास उन्हात बसून राहिली, मी मान वर केली तर दिसावी म्हणून.

खिडकी मी बुजवली नाही. दुसऱ्या दिवशी पत्रा नेला आणि छज्जा लावला. चार बोल्ट. वीस मिनिटं लागली.